‘रिपोर्ट नॉर्मल’ आहे, पण फोटो नीट आला होता का?

७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने क्षयरोग शोधण्यासाठी १०० दिवसांची मोहीम सुरू केली. देशातील ३४७ जिल्हे तिच्यासाठी निवडले होते. हातात धरता येणारी छोटी एक्स-रे यंत्रे गावोगावी नेण्यात आली. खोकला-ताप नसलेल्या, पण धोका जास्त असलेल्या लोकांच्याही छातीचे फोटो काढले गेले आणि ते वाचायला अनेक ठिकाणी एआयची मदत घेतली गेली. दुसरीकडे, पूर्वी ज्या गावात साधा एक्स-रे मिळायचा नाही तिथे आज सीटी स्कॅन सेंटर दिसते. तपासण्या वाढल्या, जवळ आल्या, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण अशा वेळी एक प्रश्न मागे पडतो. किती जणांचे फोटो काढले हे आपण मोजतो. ते फोटो किती चांगले आले, हे कोण मोजते?

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, तुमचाही आहे. रिपोर्टमध्ये ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेले असते आणि आपण ते ‘काही नाही’ असे वाचतो. या दोन वाक्यांमध्ये फरक आहे आणि तो फरक फोटोच्या दर्जाचा आहे. धूसर फोटोत लहान गाठ दिसली नाही, तर रिपोर्ट नॉर्मलच येईल. रुग्ण निर्धास्त होईल आणि पुढचे काही महिने हातातून जातील.

फोटोचा दर्जा म्हणजे नेमके काय?

चांगला फोटो म्हणजे देखणा फोटो नव्हे. ज्या प्रश्नासाठी तपासणी केली, त्याचे उत्तर देऊ शकेल तो चांगला फोटो. त्यासाठी प्रामुख्याने चार गोष्टी पाहतात.

पहिली, बारकावा. अगदी जवळजवळ असलेल्या दोन लहान गोष्टी वेगळ्या दिसतात की एकच डाग दिसतो? हाडाची केसासारखी चीर शोधताना हे महत्त्वाचे.

दुसरी, कॉन्ट्रास्ट. आजूबाजूच्या भागापेक्षा किंचितच वेगळी असलेली गोष्ट उठून दिसते का? यकृतातली गाठ यकृताच्याच रंगात मिसळून गेली, तर यंत्र कितीही महाग असो, ती दिसणार नाही.

तिसरी, दाणेदारपणा. तांत्रिक भाषेत याला नॉइज म्हणतात. कमी प्रकाशात मोबाइलवर काढलेला फोटो जसा खरखरीत येतो, तसेच किरणे कमी पडली की एक्स-रे आणि सीटीमध्ये होते. हा दाणेदारपणा निम्मा करायचा असेल, तर किरणांची मात्रा साधारण चौपट करावी लागते. म्हणूनच ‘अगदी स्वच्छ फोटो’ हे ध्येय नसते. ‘प्रश्नाचे उत्तर मिळेल इतका स्वच्छ फोटो, कमीत कमी किरणांत’ हे ध्येय असते.

चौथी, आर्टिफॅक्ट, म्हणजे शरीरात नसलेली पण फोटोत उमटलेली गोष्ट. श्वास रोखला नाही, रुग्ण हलला, गळ्यात साखळी राहिली, दातात धातू आहे, अशा कारणांनी पट्टे, सावल्या किंवा दुहेरी कडा दिसतात.

दर्जा मोजतात कसा?

प्रत्येक रुग्णाच्या फोटोवर मार्क देणे शक्य नसते. म्हणून यंत्राचीच परीक्षा घेतली जाते. त्यासाठी फॅन्टम नावाचा ठोकळा वापरतात. तो प्लॅस्टिकचा किंवा पाण्याने भरलेला असतो आणि त्यात ठरावीक आकाराच्या गोष्टी बसवलेल्या असतात. आत काय आहे ते आधीच माहीत असते. प्रश्न इतकाच, की यंत्राला त्यातले किती दिसते?

मॅमोग्राफीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत बराच काळ वापरात असलेल्या फॅन्टममध्ये १६ गोष्टी दडवलेल्या असतात: ६ धागे, कॅल्शियमसारख्या ठिपक्यांचे ५ गट आणि ५ गाठी. फोटोत किमान ४ धागे, ३ ठिपक्यांचे गट आणि ३ गाठी दिसल्या तरच यंत्र पास होते. सीटी स्कॅनची एक सोपी कसोटी म्हणजे पाणी. सीटीच्या मोजपट्टीवर पाण्याचा आकडा ० आणि हवेचा उणे १००० असतो. पाण्याचा आकडा भलतीकडे सरकू लागला, तर यंत्र दुरुस्तीला आले असे समजायचे.

एक्स-रे यंत्रात आणखी बऱ्याच गोष्टी तपासतात: पडद्यावर दाखवलेला व्होल्टेज प्रत्यक्षात तेवढाच आहे का, किरणे ठरलेल्या वेळेतच थांबतात का, दिव्याचा चौकोन जिथे पडतो तिथेच किरणे पडतात का, यंत्राच्या आवरणातून किरणे झिरपतात का.

डिजिटल फोटो फसवतो कसा?

जुन्या फिल्मच्या काळात चूक लपत नसे. किरणे जास्त झाली की फिल्म काळी पडायची, कमी झाली की पांढरी. डिजिटल यंत्र मात्र दोन्ही चुका दुरुस्त करून पडद्यावर नीटनेटका फोटो दाखवते. किरणे गरजेपेक्षा दुप्पट गेली, तर फोटो उलट अधिक छान दिसतो. त्यामुळे कोणाचीच तक्रार येत नाही आणि मात्रा हळूहळू वाढत जाते.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक आले. आधुनिक डिजिटल यंत्र प्रत्येक फोटोसोबत एक आकडा देऊ शकते, त्याला डेव्हिएशन इंडेक्स म्हणतात. ० म्हणजे मात्रा ठरवलेल्या लक्ष्याइतकी, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मी. हा आकडा रोज पाहणारे सेंटर आणि कधीच न पाहणारे सेंटर यांत मोठा फरक पडतो, जरी दोघांकडे एकाच कंपनीचे यंत्र असले तरी.

भारतात यंत्रांवर नजर कोणाची?

एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफी, दातांचा एक्स-रे, कॅथलॅब अशा किरणे वापरणाऱ्या सर्व यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियंत्रण आहे. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. यंत्र चालवण्यासाठी मंडळाचा परवाना किंवा नोंदणी लागते. शिवाय यंत्राची क्वालिटी अॅश्युरन्स तपासणी, म्हणजे क्यूए, किमान दोन वर्षांतून एकदा आणि मोठ्या दुरुस्तीनंतर करून घेणे बंधनकारक आहे.

नियम चांगले आहेत. अंमलबजावणीचा इतिहास मात्र फार अभिमानाचा नाही. ‘कॅग’ने २०१२ मध्ये एईआरबीवर अहवाल दिला. तेव्हा देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रे होती आणि नोंदणी होती फक्त ५,२७० केंद्रांची. म्हणजे ९१ टक्के केंद्रे नियमनाच्या बाहेर होती. त्यानंतर ई-लोरा नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेमुळे नोंदणी सोपी झाली आणि वाढलीही. तरीही दोन तपासण्यांमध्ये दोन वर्षांचे अंतर असते. त्या काळात यंत्राचे काय होते, हे सेंटरच्या शिस्तीवरच अवलंबून राहते.

सोनोग्राफी आणि एमआरआय: इथे मोठी फट आहे

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रेसारखी किरणे नसतात. त्यामुळे ही यंत्रे एईआरबीच्या कक्षेत येत नाहीत.

सोनोग्राफीवर कायदा आहे आणि तो कडकही आहे. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. पुढे १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, ज्याला आपण पीसीपीएनडीटी म्हणून ओळखतो. त्यात केंद्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म, नोंदी जपणे हे सारे आहे. हा कायदा हवाच होता. पण त्याचा उद्देश मुलींचा जीव वाचवणे हा आहे, सोनोग्राफीचा फोटो स्पष्ट आहे का हे पाहणे नव्हे. नोंदींचे कागद चोख असलेल्या सेंटरमध्येही प्रोबचे काही भाग निकामी झालेले असू शकतात आणि त्या जागी फोटोत काळा पट्टा येऊ शकतो.

२०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत. त्यामुळे यंत्राची निर्मिती, आयात आणि विक्री यांवर नियंत्रण आले. पण यंत्र दहा वर्षे वापरल्यावर त्याचा फोटो कसा येतो, हा वेगळा प्रश्न आहे. तो बहुतांशी कंपनीच्या देखभाल करारावर आणि डॉक्टरांच्या जागरूकतेवर सोडलेला आहे. एनएबीएचची मान्यता घेणारी सेंटर दर्जाचे नियम स्वतःहून पाळायचे ठरवतात, पण ही मान्यता ऐच्छिक आहे.

अमेरिकेने मॅमोग्राफीबाबत काय केले?

१९८० च्या दशकात अमेरिकेत मॅमोग्राफी झपाट्याने वाढली. १९८५ च्या एका सरकारी पाहणीत जवळपास एक तृतीयांश केंद्रांचे फोटो समाधानकारक नसल्याचे दिसले. स्तनाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून ज्या स्त्रिया तपासणीला जात होत्या, त्यांनाच खोटा दिलासा मिळत असण्याची शक्यता होती. १९९२ मध्ये तिथे मॅमोग्राफीच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा झाला.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, फक्त फॅन्टम नव्हे, तर प्रत्यक्ष रुग्णांच्या फोटोंचे नमुनेही बाहेरचे तज्ज्ञ तपासतात. दोन, रुग्णाला तिच्या भाषेत समजेल असा निकाल ३० दिवसांत कळवावा लागतो. तीन, केंद्राचे फोटो धोकादायक इतके वाईट निघाले, तर तिथे तपासणी केलेल्या स्त्रियांना आणि त्यांच्या डॉक्टरांना तसे कळवण्याची सक्ती करता येते. म्हणजे चूक यंत्राची किंवा केंद्राची असली, तरी रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही.

१० सप्टेंबर २०२४ पासून तिथे आणखी एक गोष्ट सक्तीची झाली: स्तनाची ऊती दाट आहे की नाही हे प्रत्येक स्त्रीला कळवणे. दाट ऊती फोटोत पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. म्हणजे फोटो उत्तम असूनही गाठ लपू शकते. ‘आम्हाला इथे नीट दिसत नाही’ हे रुग्णाला सांगणे हाही दर्जाचाच भाग आहे.

सीटीबाबतही २०२५ पासून मेडिकेअरच्या गुणवत्ता कार्यक्रमात एक निकष आला आहे. रुग्णालयांना तो स्वेच्छेने निवडता येतो. किरणे गरजेपेक्षा जास्त होती का आणि फोटो गरजेपेक्षा दाणेदार होता का, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र मोजतात. आपल्याकडे मॅमोग्राफीच्या यंत्राची तपासणी होते, पण रुग्णांचे प्रत्यक्ष फोटो बाहेरून तपासून घेण्याचा असा स्वतंत्र कायदा नाही.

यंत्र उत्तम, तरी फोटो वाईट का येतो?

कारण फोटो यंत्र काढत नाही, माणूस काढतो. अमेरिकेत मॅमोग्राफीच्या नापास फोटोंमागे सर्वांत मोठे कारण यंत्र नव्हे, तर स्तन नीट न ठेवणे हे निघाले. २०१७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने याच मुद्द्यावर खास उपक्रम सुरू केला.

छातीचा एक्स-रे पाहा. रुग्णाने पूर्ण श्वास घेतलेला असेल, तर मागच्या बाजूच्या ९-१० बरगड्या फुप्फुसावर मोजता येतात. अर्धवट श्वासात फोटो काढला, तर निरोगी फुप्फुसाचा तळही न्यूमोनियासारखा पांढरट दिसतो आणि हृदय उगाच मोठे वाटते. रुग्ण किंचित वळलेला असेल, तरी एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी दिसते. झोपवून समोरून काढलेल्या फोटोतही हृदय मोठे भासते. ‘हार्ट मोठे आहे’ या शेऱ्याने घाबरलेले अनेक जण माझ्याकडे येतात. त्यांतल्या काहींचा फोटो फक्त नीट उभे करून पुन्हा काढावा लागतो.

हाच नियम एआयलाही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांच्या क्षयरोग चाचपणीसाठी एक्स-रे वाचणारे सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. डॉक्टर कमी असलेल्या भागात याचा मोठा उपयोग आहे. पण सॉफ्टवेअरही आलेला फोटोच वाचते. म्हणून अशा शिबिरात ‘संशयित’ निघालात तर घाबरू नका, थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी करून घ्या. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी, गोव्यातल्याच कंपनीचे आहे. आणि ‘नॉर्मल’ निघालात, पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, वजन घटते आहे, तर तिथेच थांबू नका.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो

फिल्म खिडकीला लावून मोबाइलने काढलेला फोटो मला रोज येतो. त्यावरून मोडलेले हाड अनेकदा कळते, फुप्फुसातली लहान गाठ नाही. सीटीच्या मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या साधारण ४०९६ छटा असतात, मोबाइलच्या फोटोत २५६. त्यावर व्हॉट्सअॅप फोटो आणखी दाबून लहान करते, खिडकीची चमक आणि बोटांची सावली वेगळीच.

सीटीच्या फिल्मवरही सगळे छापलेले नसते. एकाच स्कॅनमधून फुप्फुस, हाड आणि मऊ भाग वेगवेगळ्या छटांत पाहावे लागतात. ती सोय फक्त मूळ डायकॉम फाइलमध्ये असते. म्हणून दुसरे मत घेताना सीडी, पेनड्राइव्ह किंवा सेंटरची लिंक द्या. फिल्मच्या फोटोवर कोणी ठाम मत दिले, तर त्या मतावर मोठा निर्णय घेऊ नका.

तुम्ही काय करू शकता?

१. सेंटरमध्ये एईआरबीचा परवाना किंवा नोंदणी लावलेली आहे का ते पाहा. नसेल तर विचारा: ‘यंत्राची क्यूए तपासणी शेवटची कधी झाली?’ चांगल्या सेंटरला या प्रश्नाचा राग येत नाही.

२. तपासणी का करायची आहे हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘पोटाची सोनोग्राफी’ आणि ‘उजव्या कुशीत दुखते, मुतखडा आहे का पाहावे’ यांत फोटोचा दर्जा बदलतो, कारण पाहणाऱ्याला कुठे थांबायचे हे कळते.

३. सूचना पाळा. उपाशी राहा म्हटले तर राहा, पाणी पिऊन लघवी रोखा म्हटले तर रोखा. दागिने काढा. श्वास रोखता येत नसेल, तर आधीच सांगा.

४. जुने फोटो आणि रिपोर्ट सोबत न्या. दोन वर्षांपूर्वीचा डाग आजही तेवढाच आहे, हे कळणे कधी कधी नव्या स्कॅनपेक्षा मोलाचे असते.

५. रिपोर्टमध्ये हे शब्द शोधा: ‘सबऑप्टिमल’, ‘लिमिटेड स्टडी’, ‘मोशन आर्टिफॅक्ट’, ‘ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. शेवटी ‘नॉर्मल’ लिहिलेले असले, तरी या शब्दांचा अर्थ असा, की काही भाग नीट दिसलेला नाही. स्वादुपिंड वायूमुळे दिसले नाही, बाळाचा चेहरा किंवा हृदय त्याच्या स्थितीमुळे पाहता आले नाही, असे लिहिले असेल, तर डॉक्टरांना विचारा: ‘न दिसलेला भाग पुन्हा पाहायची गरज आहे का, आणि कधी?’ असे लिहिणारे सेंटर वाईट नसते, प्रामाणिक असते.

६. सीटीनंतर मिळणारे मात्रेचे पान, ज्यावर सीटीडीआय आणि डीएलपी हे आकडे असतात, रिपोर्टसोबत जपून ठेवा.

पुन्हा काढायला सांगितले तर?

‘एकदा काढला ना, आता परत कशाला? पैसे उकळायला?’ ही शंका येणे स्वाभाविक आहे. छातीच्या एका साध्या एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. त्यामुळे बिघडलेला एक्स-रे पुन्हा काढण्यात धोका नगण्य आहे आणि चुकीच्या फोटोवर उपचार करण्यात तो बराच जास्त आहे. सीटीचे गणित वेगळे. तिथे मात्रा बरीच मोठी असते, म्हणून पुन्हा करण्याआधी कारण नीट विचारा: जुनी डायकॉम फाइल पाहून काम भागेल का? सोनोग्राफी किंवा एमआरआय चालेल का? आणि फोटो सेंटरच्या चुकीमुळे बिघडला असेल, तर दुसऱ्यांदा पैसे का द्यायचे, हेही विचारायला संकोच करू नका.

शेवटी, लक्षणे आणि रिपोर्ट जुळत नसतील, तर लक्षणांवर विश्वास ठेवा. गाठ हाताला लागते आहे आणि मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तरी त्या गाठीची पुढची तपासणी झालीच पाहिजे. छातीत दुखते आहे, धाप लागते आहे, आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तर एक्स-रे दाखवू न शकणारे बरेच आजार आहेत. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि फक्त ‘नॉर्मल आहे ना?’ असे विचारू नका. ‘या फोटोत जे दिसायला हवे होते, ते सगळे दिसले का?’ असे विचारा.